बाहेर जेवताना इन्सुलिन कसं सांभाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला टाइप १ मधुमेहाचं निदान २०११ मध्ये झालं, वयाच्या २६ व्या वर्षी. गेली काही वर्षं पुण्यात ज्यांचं इन्सुलिन नव्याने सुरू झालंय, अशा घरांतून मला फोन येतात. घरच्या जेवणाचं गणित लोकांना हळूहळू जमतं, गाडी अडते ती बाहेर जेवायची वेळ आली की. हे सगळे तेच प्रश्न आहेत, लोक विचारतात तसेच मांडले आहेत. मी डॉक्टर नाही. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. तो डोस घेऊन लग्नात, हॉटेलात, खाऊगल्लीत कसं वावरायचं, तेवढं मी सांगू शकते.

१. नुकतंच निदान झालंय. आता बाहेर खाणं कायमचं बंद का?

नाही. पहिले दोन-तीन आठवडे घरी जेवा, असं मी आवर्जून सांगते, पण ती शिक्षा नव्हे. एका पोळीने तुमची साखर किती वर जाते आणि एक युनिट ती किती खाली आणतं, हे आधी स्वतःच्या ताटात कळलेलं बरं. मग पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा ओळखीचा, मोजता येणारा पदार्थ घ्या आणि दुपारची वेळ निवडा. इडली-सांबार चांगलं. दुपारच्या इन्सुलिनचा परिणाम तुम्ही जागे असताना दिसतो. रात्री दहाला जेवलात तर तो झोपेत होतो.

२. मला दोन वेगवेगळी पेनं दिली आहेत. बाहेर जाताना कोणतं न्यायचं?

पेनवरचं नाव वाचा. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक असेल तर ते दिवसभराचं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन. त्याचा जेवणाशी संबंध नाही. तुम्ही हॉटेलात जा, घरी जेवा, नाहीतर उपवास करा, ते आपल्या ठरलेल्या वेळेलाच घ्यायचं.

जेवणाबरोबरचं ते दुसरं. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही झटपट इन्सुलिनं. ती १०-१५ मिनिटांत कामाला लागतात, तास-दोन तासांत त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो आणि अंमल साधारण चार तास राहतो. जुनं रेग्युलर इन्सुलिन संथ आहे: अर्ध्या तासाने सुरू होतं, दोन ते चार तासांनी जोर धरतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं. ३०/७० किंवा २५/७५ लिहिलेलं असेल तर ते मिश्र इन्सुलिन, त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

जेवणाचं पेन सोबत हवंच. लांब पल्ल्याचं पेन घरी ठेवलं तरी चालतं, पण घरी परतायला डोसाची वेळ उलटून जाणार असेल तर तेही घ्या. दोन्ही पेनं एका पिशवीत असतील तर एकाला रबर बँड गुंडाळून ठेवा. मंद उजेडाच्या हॉटेलात पेनांची अदलाबदल होते, आणि १८ युनिट लांब पल्ल्याच्या जागी १८ युनिट झटपट इन्सुलिन गेलं तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

३. इन्सुलिन जेवणाआधी १५ मिनिटं घ्या म्हणतात. हॉटेलात जेवण कधी येईल हे कुणाला माहीत?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर एका वाक्याचं आहे: ताटात पोळी, भात किंवा पाव दिसल्याशिवाय सुई नाही.

घरी १५ मिनिटं आधी घेणं बरोबर आहे, कारण कुकरची शिट्टी तुमच्या हातात असते. बाहेर ती नसते. शनिवारी संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीबाहेर नाव लिहून उभं राहिलं की अर्धा तास लागेल की तास, कुणी सांगू शकत नाही. पहिल्या घासाबरोबर इन्सुलिन घेतलं तर साखर दोन तास जरा जास्त चढेल, मग उतरेल. आधी घेतलं आणि ऑर्डर लांबली, तर साखर टेबलावरच कोसळेल. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

चढ थोपवायचा असेल तर इन्सुलिन घेऊन आधी काकडी-टोमॅटो, कोशिंबीर, पालेभाजी, साधं ताक घ्या आणि पोळी-भाताकडे दहा मिनिटांनी वळा. रेग्युलर इन्सुलिनवाल्यांनी तर हे नक्की करावं. वरचेवर बाहेर जेवावं लागत असेल, तर बाहेरच्या जेवणांपुरतं झटपट इन्सुलिन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

४. लग्नात सगळे "पानं मांडली, चला" म्हणतात. तेव्हा घ्यायचं का?

नाही! हे मी स्वतः भोगलंय. निदान होऊन जेमतेम महिना झाला होता. चुलतबहिणीचं लग्न, दुपारची पंगत. पानं मांडली असं ऐकलं आणि मी कोपऱ्यात जाऊन ८ युनिट घेऊन आले. पानावर बसले तेव्हा वरच्या बाजूला मीठ होतं, लिंबाची फोड होती, हिरवी चटणी आणि काकडीची कोशिंबीर होती. पान भरल्यासारखं दिसत होतं. पण त्या अख्ख्या पानात साखर वर नेणारं काहीच नव्हतं. तेवढ्यात कळलं की व्याह्यांकडची माणसं फोटोसाठी थांबली आहेत आणि ती बसल्याशिवाय भात वाढायचा नाही. ४० मिनिटांनी समोरच्या रांगोळीच्या रेषा हलायला लागल्या, ब्लाउज घामाने चिंब झाला, आणि शेजारच्या आत्याने वाढप्याच्या परातीतली जिलबी उचलून सरळ माझ्या तोंडात कोंबली. त्या जिलबीने वाचवलं मला.

म्हणून पंगतीत खूण एकच: पानात भाताची मूद पडली आणि लोक जेवायला लागले की घ्या. पेन मांडीवर तयार ठेवा, सुई लावून ठेवा, दोन युनिट हवेत सोडून पेन तपासून घ्या. टोचायला मग अर्धं मिनिट लागतं. बुफेत हा त्रास नाही. ताट वाढून खुर्चीवर टेकलात की घ्या.

५. बाबांना मिश्र इन्सुलिन आहे, सकाळ-संध्याकाळ. बाहेर जेवायला उशीर झाला तर?

मिश्र इन्सुलिनमध्ये जेवणाचा आणि दिवसभराचा भाग एकाच बाटलीत असतो, त्यामुळे त्याला वेळ पाळणारा माणूस लागतो. सकाळचा डोस दुपारीही काम करत असतो. दुपारचं जेवण दीडऐवजी साडेतीनला झालं, तर बाबांची साखर अडीचच्या सुमारास खाली जाऊ शकते, त्यांनी दुपारी काही टोचलेलं नसतानाही. म्हणून नेहमीच्या वेळेला त्यांना थोडं खायला द्या: एक पोळीचा रोल, दोन इडल्या, नाहीतर केळं. जेवण मग जेव्हा होईल तेव्हा होऊ दे.

रात्री बाहेर जायचं असेल तर संध्याकाळचा डोसही जेवणाबरोबरच सरकवा. घरी साडेसातला टोचून मग कॅम्पात जाऊन साडेनवाला जेवायचं, असं करू नका. तास-दीड तास डोस पुढे सरकवणं सहसा जमतं. त्याहून जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन पाकिटांमधला फरकही लक्षात ठेवा: साधं ३०/७० अर्धा तास आधीचं असतं, नव्या प्रकारची मिश्रणं जेवणाच्या तोंडावर चालतात.

बाबा सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर तीही साखर खाली आणते. जेवण लांबलं की दोन्ही मिळून काम करतात.

६. समोरच्या ताटात किती कर्बोदकं (म्हणजे साखर वर नेणारा पिठाचा-गोडाचा भाग) आहेत, हे नुसतं बघून कसं कळणार?

सवयीने. आणि सवय घरी लागते. स्वयंपाकघरातला वजनकाटा महिनाभर वापरा. कणकेत वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश कर्बोदकं असतात, म्हणजे ३० ग्रॅम कणकेची पोळी झाली २० ग्रॅमची. शिजवलेल्या भातात १०० ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम. कच्च्या धान्या-डाळींचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांत आहेत, बहुतेक आहारतज्ज्ञ तेच वापरतात.

माझ्या पर्समध्ये पहिलं वर्षभर घरची स्टीलची वाटी असायची. हॉटेलातला भात मी त्या वाटीत घालून बघायचे. सपाट एक वाटी म्हणजे ३० ग्रॅम, हे काट्यावर आधी ठरवून ठेवलेलं होतं. वाढपी बघायचे, बघू देत. आता वाटी लागत नाही, नजर बसली आहे.

खालचे आकडे अंदाजाचे आहेत, पण सुरुवातीला उपयोगी पडतील. मध्यम इडली १० ते १२ ग्रॅम. लादीतला एक पाव १५ ते २०, वडापाव सगळा मिळून ३५ ते ४०. ज्वारीची मध्यम भाकरी ३५. तंदुरी नान ४५ च्या पुढे. बिर्याणीची पूर्ण प्लेट ७० ते ८५. एक पुरणपोळी ५० च्या आसपास, गुलाबजाम २० ते २५, उकडीचा मोदकही तेवढाच.

मिसळीची फोड करून बघा: दोन पाव ३५, फरसाण १५ ते २०, उसळ १५ ते २०, एकूण ७०. "मिसळ म्हणजे मटकी, म्हणजे प्रोटीन" म्हणणाऱ्यांनी पाव मोजलेले नसतात. लपलेली गोडीही धरा. पुण्याच्या आमटीत गुळाचा खडा असतोच, एसपीडीपीत (शेव-बटाटा-दही-पुरीत) चिंचेची गोड चटणी, पंजाबी ग्रेव्हीत कित्येकदा साखर, आणि चायनीजच्या रश्शाला दाटपणा येतो तो कॉर्नफ्लॉवरने. मस्तानीसाठी मात्र माझ्याकडे आकडा नाही. दूध, सरबत, वर आइस्क्रीमचा गोळा, ग्लास केवढा त्यावर सगळं. हवीच असेल तर तिघांत एक घ्या आणि जेवणाच्या डोसातच धरा.

आता हे आकडे वापरायचे कसे? डॉक्टरांनी तुम्हाला ठरलेला डोस दिला असेल, समजा दुपारी ८ युनिट, तर तुमचं ताट त्या डोसाएवढं हवं: घरी ८ युनिटांवर जेवढं खाता तेवढंच बाहेर. प्रमाण दिलं असेल, समजा १० ग्रॅमला १ युनिट, तर डोस ताटाएवढा घ्यायचा. दोन पोळ्या ४०, अर्धी वाटी भात १५, आमटी १०, बटाट्याची भाजी १५, मिळून ८० ग्रॅम, म्हणजे ८ युनिट. जेवणाआधी साखर १८० होती, लक्ष्य १२० आहे आणि १ युनिट तुमची साखर ३० ने उतरवतं, तर आणखी २. एकूण १०. हे तिन्ही आकडे माणसागणिक बदलतात. शेजाऱ्याचे घेऊ नका.

७. थाळीत वाढपी वाढतच राहतो. कितीचं इन्सुलिन घ्यायचं?

बसल्या बसल्या ठरवा: आज तीन पोळ्या, एक वाटी भात, श्रीखंड दोन चमचे. तेवढं सगळं एकदम ताटात घ्या, श्रीखंडाच्या वाटीसकट, डोळ्यांनी मोजा, मग इन्सुलिन घ्या आणि वाटीवर हात आडवा धरा. ज्यांना प्रमाण दिलंय आणि झटपट इन्सुलिन आहे, त्यांनी आणखी दोन पुऱ्या घेतल्या तर तेवढ्यापुरतं एखादं युनिट लगेच, त्याच जेवणात, वाढवता येतं. नंतर दोन तासांनी सुचलं तर प्रश्न १४ आधी वाचा.

८. मिसळ किंवा पिझ्झा खाल्ल्यावर दोन तासांनी साखर १४० असते, मी खूश होते आणि मध्यरात्री ती २६० निघते. असं का?

तेलातुपामुळे. चरबी पोटातून अन्न पुढे सरकू देत नाही, शिवाय काही तास इन्सुलिनचा परिणामही बोथट करते. तुमचं झटपट इन्सुलिन वेळेवर येऊन काम करून गेलं, पाव आणि मैदा मात्र चार-पाच तासांनी रक्तात उतरले. तर्रीदार मिसळ, चीजचा पिझ्झा, मटण बिर्याणी, छोले-भटुरे ही सगळी त्याच वळणाची.

पहिल्या खेपेला काहीही बदलू नका. फक्त दोन तासांनी, चार तासांनी आणि सहा तासांनी साखर बघून लिहून ठेवा. ते तीन आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर ते डोस दोन भागांत विभागून देऊ शकतात, काही आत्ता, काही दीड-दोन तासांनी. इन्सुलिन पंप लावलेल्यांना तोच डोस तासांवर पसरवता येतो. स्वतःच्या मनाने विभागू नका, कारण पहिल्या भागात कमी-जास्त झालं तर लो येतो, म्हणजे साखर फार खाली जाते. आणि असे पदार्थ शक्यतो दुपारी खा.

९. हॉटेलात इंजेक्शन कुठे घ्यायचं? लोक बघतात.

टेबलावरच. टॉयलेटमध्ये जाऊ नका; तिथे पेन ठेवायला स्वच्छ जागा नसते, उजेड नसतो, आणि लपून घेतलेलं इंजेक्शन घाईत घेतलं जातं. कुर्त्याची कड थोडी उचलून किंवा ओढणीच्या आड पोटावर घेता येतं. कपड्यावरून टोचू नका. बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा. पोटावर घेतलेलं लवकर लागू पडतं, मांडीवरचं सावकाश. म्हणून जेवणाचा डोस रोज एकाच भागात, जागा थोडी थोडी बदलत.

लोक बघतात हे खरं आहे. साधारण तीन सेकंद. मग त्यांचा डोसा येतो.

सुई मात्र तिथल्या ताटलीत, पेपर नॅपकिनमध्ये टाकून उठू नका. आपल्या शहरात कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताई आहेत, ती सुई त्यांच्या बोटात जाते. टोपण लावून घरी आणा आणि जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत साठवा. बाटली भरली की बाहेर ठळक अक्षरांत "सुया" लिहा आणि तुमचं हॉस्पिटल किंवा लॅब ती घेते का, विचारा.

१०. इन्सुलिन दिवसभर बाहेर नेलं तर खराब होतं का?

वापरात असलेलं पेन किंवा बाटली ३० अंशांच्या आतल्या तापमानात साधारण २८ दिवस टिकते (नेमके दिवस पाकिटावर बघा, प्रत्येक इन्सुलिनचे वेगळे असतात). खराब होतं ते स्कूटरच्या डिकीत आणि उन्हात उभ्या गाडीत. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, डिकीत त्याहून जास्त. पेन खांद्यावरच्या पिशवीत, पाण्याच्या गार बाटलीशेजारी ठेवा, पण बर्फाला टेकवून नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. पाण्यासारखं नितळ असायला हवं ते गढूळ दिसलं तर वापरू नका. मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते तळहातांत हळू घोळवून घ्या.

११. पेन घरी विसरलं. मेडिकलमधून बाटली आणि सिरिंज घेतली तर चालेल?

चालेल, पण इथे जीवघेणी चूक होऊ शकते, म्हणून सावकाश वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर असतं आणि पेनमधलं १००. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीला लाल, १०० ला केशरी. पेनच्या रिफिलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने "१० युनिट" ओढले तर प्रत्यक्षात २५ जातात. अडीच पट! जोडी जुळते की नाही याची खात्री नसेल, तर घरी जाऊन जेवा.

१२. हॉटेलात बसल्या बसल्या साखर लो झाली तर?

७० च्या खाली म्हणजे लो. मीटर हाताशी नसेल आणि घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड जाणवत असेल, तर लो समजूनच चला. १५ ग्रॅम झटपट साखर घ्या: चहाचे तीन चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा अर्धा ग्लास उसाचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट, बर्फी, आइस्क्रीम नको. चरबीमुळे त्यातली साखर रेंगाळते. वाढप्याला "डायबेटिस आहे" असं सांगितलं तर तो साखर द्यायला कचरेल. "साखर-पाणी द्या, लगेच" एवढंच म्हणा. डाएट कोला आणून दिला तर परत पाठवा, त्यात साखर नसते.

एक अपवाद नक्की वाचा. व्हॉग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेने लो लवकर सावरत नाही, कारण ही औषधं साखर फुटण्याचा वेगच कमी करतात. तुमच्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडीच हवी.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. सोबतच्या एकाला तरी हे आधी सांगून ठेवा.

१३. आमरस-पुरी खाल्ल्यावर मीटरने ३४० दाखवलं. मी घाबरून जास्त इन्सुलिन घेतलं आणि तासाभरात लो झाले. मीटर बिघडलंय का?

बोटं धुतली होती का? बहुतेकांचं उत्तर "पुसली होती" असतं. बोटावर राहिलेला आमरसाचा पातळ थर रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर तीही साखर मोजतं. जिलबीचा पाक, द्राक्षं, लाडू, सगळ्यांचं हेच. साबणाने धुवा, कोरडं करा, मग तपासा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर त्याची अडचण निराळी: तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. अंगाला लो जाणवतोय आणि सेन्सर ठीक म्हणतोय, तर बोटावर तपासा.

१४. जेवून दोन तास झाले, साखर २८०. आणखी घेऊ?

थांबा. तुमच्या जेवणाच्या झटपट इन्सुलिनचा निम्म्याच्या आसपास भाग अजून अंगात शिल्लक आहे. त्यावर आणखी घातलं की दोन्ही डोस एकावर एक चढतात आणि साखर धाडकन पडते. जेवणानंतर चार तास व्हायच्या आत दुरुस्तीचा डोस घ्यायचा नाही, असंच बहुतेक नवीन लोकांना सांगितलेलं असतं. तोवर पाणी प्या, शतपावली करा. मळमळ, उलट्या किंवा पोटदुखी सोबत असेल तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा.

१५. गप्पांच्या नादात इन्सुलिन घेतलं की नाही तेच आठवत नाही.

आठवत नसेल तर घेऊ नका. तासातासाला साखर बघा आणि डॉक्टरांना विचारा. वाढलेली साखर सावरता येते, दुप्पट डोसाचं तसं नसतं. नक्की घेतलेलंच नाही आणि जेवण संपून फार वेळ झालेला नाही, असं असेल तर झटपट इन्सुलिन जेवणानंतर लगेचही चालतं. यापुढे डोस घेतला की मोबाइलवर स्वतःलाच "८, दीड वाजता" असा मेसेज टाका.

१६. चहाचं काय? दिवसात चार वेळा अमृततुल्यवर थांबणं होतं.

अमृततुल्यचा चहा साखर घालूनच उकळतात, त्यामुळे "बिनसाखरेचा द्या" म्हटलं तर काही ठिकाणी वेगळा करून देतात, काही ठिकाणी नाही. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. चार वेळा ४०, म्हणजे दोन पोळ्या, त्याही इन्सुलिनशिवाय. गुळाचा चहा हा पर्याय नव्हे. मीटरला गूळ आणि साखर सारखेच. एखादा गोड चहा हवाच असेल तर जेवणाला जोडून प्या.

१७. एकादशीला हॉटेलात साबुदाणा खिचडी खातो. "उपवासाचं" म्हणून डोस कमी घ्यायचा का?

साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. एक प्लेट खिचडी, त्यात बटाटा, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम धराच. वर शेंगदाणे आणि तूप, म्हणजे प्रश्न ८ मधलंही लागू. डोस ताटाप्रमाणे घ्या, पंचांगाप्रमाणे नको. काहीच खाणार नसाल तर जेवणाचं इन्सुलिन नाही, पण लांब पल्ल्याचं चालूच. मिश्र इन्सुलिनवर कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

१८. गणपतीत पाच घरी जायचं, पाचही ठिकाणी प्रसाद. आणि आग्रह!

चिमूटभर खिरापतीने काही होत नाही. मोदक डब्यात मागून घ्या आणि जेवणाबरोबर खा, तेव्हा त्याचा हिशेब धरता येतो. आग्रह करणाऱ्या काकूंना "डॉक्टरांनी नाही म्हटलंय" सांगितलं तर त्या म्हणतात "एकाने काय होतंय". मी म्हणते, "काकू, माझं इन्सुलिन घेऊन झालंय, आता ताटात आहे तेवढंच." हे त्यांना लगेच कळतं.

१९. पार्टीत दोन पेग घेतले तर डोस वाढवायचा का?

उलट आहे. यकृत दारू निपटण्यात गुंतलं की साखर सोडण्याचं काम बाजूला पडतं आणि लो येऊ शकतो, कित्येकदा पहाटे. दारूसाठी वेगळं इन्सुलिन घेऊ नका, रिकाम्या पोटी पिऊ नका, झोपण्याआधी साखर बघा आणि काही खाऊन झोपा. लो आणि दारू चढलेली, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. सोबतच्यांना म्हणूनच आधी सांगा.

२०. सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खातो. नेहमीचाच डोस?

बहुधा कमी लागतो. चढताना स्नायू साखर ओढतात आणि नंतरही २४ तासांपर्यंत इन्सुलिन जास्त लागू पडतं. वर पोहोचल्यावर साखर बघा, मग मडक्यातलं दही घ्या. किती कमी करायचं हे डॉक्टर सांगतील. उतरायचंही आहे, हे त्यांना आठवणीने सांगा. त्या रात्री झोपताना पुन्हा एकदा तपासा.

२१. मुलगा नऊ वर्षांचा. मित्राच्या वाढदिवसाला पाठवायचं का? तो किती खाईल सांगता येत नाही.

पाठवा. लहान मुलांना झटपट इन्सुलिन खाणं झाल्यावर लगेच दिलं तरी चालतं, त्याने प्रत्यक्ष खाल्लं तेवढ्याचंच. केकचा तुकडा, वेफर्स, अर्धा समोसा, असा फोटो मित्राच्या आईला पाठवायला सांगा आणि डोस तुम्ही फोनवर कळवा. पळापळीचे खेळ असतील तर तो डोसही थोडा कमी लागतो. मुलाच्या खिशात ग्लुकोज हवं आणि ते मागताना त्याला लाज वाटता कामा नये. एवढी एक गोष्ट घरात रोज बोला.

२२. महिना झाला, खाणं तेच, डोस तोच, पण आता बाहेर जेवल्यावर लो येतात. माझा मधुमेह बरा होतोय का?

टाइप १ मध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर स्वादुपिंडातल्या उरलेल्या पेशी काही काळ जरा सावरतात आणि बाहेरून लागणारं इन्सुलिन घटतं. काही आठवडे, काही महिने. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी वेड्यासारखी आशा लावून बसले होते, म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते: हे बरं होणं नव्हे. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. वारंवार लो येत असतील तर आठवडाभराच्या नोंदी घेऊन जा, डोस कमी करून मिळेल.

२३. इन्सुलिन घेतलं, जेवलो, आणि अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं. आता?

इन्सुलिन अंगात आहे, अन्न नाही. पुढचे चार तास सावध राहा. साखर लगेच बघा, मग दर अर्ध्या तासाने. साखर-पाण्याचा एकेक घोट थोड्या थोड्या वेळाने घ्या. गटागट प्यायलात तर पुन्हा उलटी होईल. साखर ७० च्या खाली गेली आणि पोटात काहीच ठरत नसेल, तर थेट हॉस्पिटलमध्ये जा, गाडी स्वतः चालवत नाही. साखर उलट २५० च्या वर जात असेल आणि तुम्हाला टाइप १ असेल, तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी आम्लं) तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन न विचारता चुकवू नका. कोणतं इन्सुलिन, किती युनिट, किती वाजता आणि उलटी किती वाजता, या चार गोष्टी निघण्याआधी कागदावर लिहा. तिथे पहिल्यांदा हेच विचारतात.